पाच वर्षांचा मुलगा, जूनमधली पहिली आणि न मारता लावायची शिस्त

अबोली_नाशिक | ११ फेब्रुवारी, रात्री ११.४०

नमस्कार. गेली चार-पाच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागेल, पण कुणाशी तरी बोलायलाच हवं आहे.

माझा मुलगा डिसेंबरमध्ये पाच वर्षांचा झाला. आत्ता सिनियर केजीत आहे, जूनमध्ये पहिली. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल त्या वर्षी पहिलीत बसतं, त्यामुळे नियमात तो बसतो, पण अगदी काठावर. त्याच्या वर्गात जानेवारीतली एक मुलगी आहे, ती याच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठी. ती अख्खं वाक्य लिहिते. हा ‘क’ काढताना पेन्सिलचं टोक मोडतो.

लिहिण्याचं मला एवढं वाटत नाही. पण गेल्या तीन आठवड्यांत शाळेतून दोनदा फोन आला. एकदा याने एका मुलाला ढकललं, एकदा दुसऱ्याच्या दंडाला चावला. दात उमटले होते. मी त्या मुलाच्या आईला भेटून माफी मागितली. ती चांगलं बोलली, पण घरी येऊन मी खूप रडले. टीचर म्हणाल्या, "जागेवर बसत नाही, मधेच उठून वर्गाबाहेर जातो, हाक मारली तरी बघत नाही. पहिलीत जड जाईल. घरी जरा शिस्त लावा."

घरची सकाळ सांगते. साडेसातची व्हॅन. सव्वासातला एक मोजा चढलेला, दुसरा हातात, आणि हा पलंगाखाली गाडी शोधतोय. मी चारदा गोड बोलते, पाचव्यांदा ओरडते. परवा नवऱ्याने पाठीत धपाटा घातला. मोजा चढला, व्हॅन मिळाली. संध्याकाळपर्यंत मुलगा आमच्याशी एक शब्द बोलला नाही.

साबा (सासूबाई) म्हणतात, एवढंतेवढं मारलं तर काही होत नाही, तुम्हीच लाडावून ठेवलाय. मला मारायचं नाहीये. पण मारायचं नाही तर करायचं काय, हे मला धड माहीत नाही. नुसतं समजावत बसलं की तो डोक्यावर बसतो, हेही खरं आहे.

दोनच गोष्टी विचारते. हात न उगारता याला वळण कसं लावायचं? आणि जूनला पहिलीत घालू की एक वर्ष थांबू?

रानजाई | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

अबोली, "हाक मारली तरी बघत नाही" हे वाचून लगेच लिहायला बसले. आधी कान तपासून घ्या.

माझ्या मुलाला आम्ही दोन वर्षं ‘ऐकत नाही’ म्हणून बोल लावले. सर्दी कायमची, झोपेत तोंड उघडं, टीव्ही मोठ्या आवाजात. शेवटी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे नेलं तेव्हा दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं, अ‍ॅडिनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले. यात कान दुखतोच असं नाही, बाहेरून तर काहीच दिसत नाही, त्यामुळे कुणाला कळत नाही. उपचार झाल्यावर घरी आला आणि म्हणाला, "आई, पंखा आवाज करतोय." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तुमच्याकडे तसं नसेलही. पण शिस्तीचा विचार करण्याआधी ही शंका काढून टाका. डोळेही दाखवा.

कृष्णाकाठ | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

रानजाईला अनुमोदन. सरकारी दवाखान्यातही होतं हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट आहे, गरज वाटली तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात.

आजोबा_मिरज | १२ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

सूनबाई, वयाने मोठा आहे म्हणून लिहितो. आम्ही सहा भावंडं. अंगणात वडिलांची चप्पल वाजली की घर गप्प व्हायचं. मास्तरांच्या छड्या खाल्ल्या, कुणी बिघडलं नाही. मुलाला प्रत्येक गोष्ट विचारून करायची नसते. वेळेला एक धपाटा बसला तर आकाश कोसळत नाही. तुम्ही मनाला फार लावून घेऊ नका.

बालवाडीताई | १२ फेब्रुवारी, दुपारी ३.२०

अबोली, बावीस वर्षं बालवाडी चालवतेय. चावणारी, ढकलणारी, पळून जाणारी दोन-तीन मुलं दर वर्षी असतातच, आणि मला त्यांचाच लळा जास्त लागतो.

आजोबा, तुमचा मान ठेवून सांगते. धपाट्याने मोजा चढला, हे अबोलीनेच लिहिलंय. पण खेळता खेळता हातातली गाडी कशी खाली ठेवायची, हे त्याला त्यातून समजलं नाही. उद्याही तो पलंगाखालीच सापडेल. आणि माझी रोजची अडचण ऐका. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत मुलाच्या अंगावर हात टाकायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. ती असायलाच हवी. पण ज्या मुलाला घरी फक्त धपाटा बसल्यावरच थांबायची सवय लागलीय, ते माझ्या वर्गात कशाने थांबणार? माझा शब्द त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ते मूल वाट बघत असतं, हात कधी उठतोय याची.

अबोली, नुसतं समजावलं की डोक्यावर बसतो हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. मूल रडत-ओरडत असताना त्याच्या कानात शब्द शिरत नाहीत. तेव्हा बोलायचं अगदी कमी. त्याने हात उगारला तर मनगट धरायचं, पक्कं पण दुखणार नाही असं, आणि एकच वाक्य बोलायचं, "मी मारू देणार नाही." आवाज खाली. तो थयथयाट करेल. करू द्या, तुम्ही शेजारी बसून राहा. दहा मिनिटं लागतात, कधी वीस. त्याने पाणी मागितलं की समजायचं, आता उतरलं. मग दोन वाक्यं बोलायची, त्याहून जास्त नाही. आणि ज्याला लागलं त्याच्यासाठी काहीतरी करायला लावायचं: फुंकर घालणं, पाणी आणून देणं, पाडलेले ठोकळे रचून देणं. ‘सॉरी’ मी कधी वदवून घेत नाही. घाबरून म्हटलेलं सॉरी दुसऱ्या मिनिटाला विसरतं.

‘नाही’ म्हणायच्या गोष्टी चार-पाचच ठेवा, पण त्या घरात सगळ्यांच्या तोंडी सारख्या हव्यात. आई नाही म्हणते आणि आजी देते असं असलं की मूल पुन्हा पुन्हा मागून बघणार. त्याच्या जागी आपणही बघू.

सकाळी दारातून ओरडू नका. जवळ जा, गुडघ्यावर बसा, खांद्याला हात लावा, त्याने तुमच्याकडे बघितलं की सांगा. "उजवा पाय आधी की डावा?" एवढं विचारायचं. मोजा घालायचा की नाही, हे विचारायचंच नाही. ‘पळू नको’ म्हणण्यापेक्षा ‘चालत ये’ म्हणा. आणि खेळ थांबवायच्या आधी सांगून ठेवा. "अजून दोन फेऱ्या, मग गाडी गॅरेजमध्ये." पाच मिनिटं म्हणजे किती हे त्याला कळत नाही, दोन फेऱ्या कळतात.

आता तुमच्यासाठी काम. एक वही घ्या. आठवडाभर, घरी आणि शाळेत, तो चावला, ढकललं, पळाला की लिहायचं: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, पोटात काय होतं, रात्री किती झोपला. या वयाला निदान दहा तास झोप लागते. टीचरना हात जोडून विनंती करा, त्या नाही म्हणणार नाहीत. मी तुमच्या मुलाला ओळखत नाही. वहीतून तो थोडा ओळखीचा होईल.

पहिलीचं नंतर बोलू.

बोटांची_शाळा | १२ फेब्रुवारी, रात्री ९.५०

मी लहान मुलांसाठी काम करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पेन्सिल मोडण्याबद्दल लिहिते.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची असतात आणि एकेक करून पक्की होत जातात. हे काम दहा-बारा वर्षांपर्यंत चालू राहतं. त्यात बोटांची ताकदही कमी. म्हणून पाच वर्षांचं मूल खांद्यापासून जोर लावून लिहितं, दाब किती द्यायचा ते कळत नाही, टोक मोडतं, हात दुखतो. हात दुखला की ते उठून पळतं, आणि आपण म्हणतो बसत नाही.

लिहायची वही दोन-तीन महिने बाजूला ठेवा. मटार सोलू द्या, शेंगा फोडू द्या, पोळीच्या कणकेचा गोळा हातात द्या. वाळत घातलेल्या रुमालांना चिमटे लावायचं काम त्याचं. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने मोठ्ठे गोल काढू द्या, त्याने खांदा आणि मनगट दोन्ही तयार होतात. बागेत दांड्याला लोंबकळू द्या. पाठीत आणि पोटात ताकद आली की बाकावर बसणं सोपं जातं.

आणि ‘शिवाजी म्हणतो’ खेळा रोज. ‘शिवाजी म्हणतो हात वर’ म्हटलं की हात वर, नुसतं ‘हात वर’ म्हटलं तर जागचं हलायचं नाही. अंगात आलेली ऊर्मी रोखून धरायला शिकवणारा यापेक्षा चांगला खेळ मला माहीत नाही.

अबोली_नाशिक | १३ फेब्रुवारी, दुपारी १.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारची कानाची वेळ घेतली आहे. वही आजपासून. साबांना मटारचं सांगितलं तर म्हणाल्या, हे तर मीही केलं असतं, मला कुणी विचारलं नाही.

नेकारकाठ | १३ फेब्रुवारी, रात्री १०.३०

आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. इथे पहिलीच्या आधी आरोग्य खात्याकडून मुलाची तपासणी होते. माझ्या मुलाला एका पायावर उड्या मारायला लावल्या, चित्र काढायला दिलं, ऐकणं-बघणं तपासलं, गोष्ट सांगायला लावली. अक्षरं विचारली नाहीत. मी घरी त्याच्याकडून पन्नासपर्यंत अंक पाठ करून घेतले होते, ते कुणी विचारलेच नाहीत.

त्याला आम्ही एक वर्ष थांबवलं. इथे काठावरच्या मुलांबाबत ते सर्रास होतं. नाशिकच्या सासरी मात्र "नापास झाला का?" असं विचारलं गेलं, आणि तो दारात उभा राहून ऐकत होता. अबोली, थांबवलंत तर घरच्यांशी त्याच्यादेखत काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा.

मारण्याचंही लिहिते. इथे २००० सालापासून मुलाला मारहाणीशिवाय वाढण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. आम्ही नवे आलो तेव्हा नवरा-बायको दोघंही घाबरून हात आवरत होतो. वर्षभराने लक्षात आलं की हात आवरला म्हणून ओरडणं वाढलंय. मग ते कमी करायला आणखी दोन वर्षं गेली.

अबोली_नाशिक | २१ फेब्रुवारी, रात्री ११.०५

कान आणि डोळे दोन्ही ठीक.

आता वहीचं. टीचरनी खरंच लिहून दिलं, मला वाटलं नव्हतं. सहा नोंदी झाल्या. त्यातल्या पाच अकरा ते बारा या तासातल्या. मधली सुट्टी सव्वादहाला असते. ताई, तुम्ही लिहिलं होतं ना, पोटात काय होतं. मी वर्गातल्या मावशींना विचारलं, डबा खातो का? त्या म्हणाल्या, "तो डबा उघडतच नाही हो. इकडून तिकडून खटखट करतो आणि परत दप्तरात ठेवतो. शेजारची मुलगी कधी उघडून देते, तेव्हा खातो."

दिवाळीत मी नवा डबा घेतला होता. चार बाजूंना चार घट्ट कड्या, भाजी सांडू नये म्हणून. घरी तो मीच उघडते. डबा कधी अर्धा, कधी भरलेला परत यायचा आणि मी रोज त्याला ओरडत होते, भाजीला नाकं मुरडतोस म्हणून. सकाळी अर्धा कप दूध, त्यानंतर साडेबारापर्यंत पोटात काही नाही.

त्याला विचारलं, टीचरना सांगितलं का नाहीस? म्हणाला, "मोठी मुलं आपलं आपण करतात."

ज्या मुलीशी मी त्याची मनातल्या मनात तुलना करत होते, तीच त्याला डबा उघडून देत होती.

जुना गोल स्टीलचा डबा काढला, सैल झाकणाचा. संध्याकाळी ओट्याखाली फतकल मारून तो उघडायचा, लावायचा, उघडायचा. वीसेक वेळा तरी. त्यानंतर तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी पुन्हा ढकललं, ठोकळे अर्धवट सोडून रांगेत उभं राहायला सांगितलं तेव्हा. म्हणजे सगळं डब्यामुळे नव्हतं. पण बरंचसं होतं.

रानजाई | २१ फेब्रुवारी, रात्री ११.२०

वाचताना गळा दाटून आला. स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही शोधलंत.

बालवाडीताई | २२ फेब्रुवारी, सकाळी ६.४५

शाबास. त्याला शाबासकी द्या आणि स्वतःलाही घ्या.

आता एक वाक्य शिकवा: "मला येत नाही, मदत करा." घरी त्याचा खेळ करा. बाहुली म्हणते, अस्वल म्हणतं, बाबा म्हणतात. शाळेची तयारी मला विचाराल तर मी अक्षरांच्या कितीतरी आधी हे वाक्य ठेवीन. त्यानंतर डबा, बाटलीचं झाकण, चड्डीचं बटण, शू-शी सांगणं आणि आईशिवाय चार तास राहणं.

गोदाकाठ | २३ फेब्रुवारी, रात्री १२.१५

मी अबोलीचा नवरा. आज सगळा धागा वाचला.

काल सकाळी कपाटावरचा कंगवा घ्यायला हात वर केला. मुलगा शेजारी बूट घालत होता. त्याने डोळे मिटले आणि मान खांद्यात घेतली. मी कंगवा तसाच हातात धरून उभा राहिलो. मी त्याला आजवर चार-पाचदाच मारलं असेल. माझा हात वर गेला की काय होतं, हे त्याच्या अंगाला कळायला तेवढं पुरलं.

आज त्याला मांडीवर घेऊन सांगितलं, बाबाचं चुकलं, बाबा पुन्हा मारणार नाही. त्याने जरा विचार केला आणि विचारलं, "मग मी मोजा नाही घातला तर?"

मला उत्तर सुचलं नाही. ताई, काय सांगायचं?

बालवाडीताई | २३ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

सांगा, "मग मी येऊन तुला मदत करीन. पण व्हॅन यायच्या आधी मोजा चढणार." आणि खरंच तसंच करा. तो रडला तरी, शांतपणे, हाताने मोजा चढवून. मोजा चढणार हे पक्कं, आणि मार बसणार नाही हेही पक्कं. दोन्हीची खात्री पटायला त्याला महिना लागेल. तो मुद्दाम करून बघेल, तेव्हा चिडू नका.

आजोबा_मिरज | २३ फेब्रुवारी, सकाळी ११.००

गोदाकाठ, तुमचं वाचलं. माझे वडील गेले तेव्हा मी पन्नाशीचा होतो. त्यांच्याजवळ बसून मोकळेपणी बोललो असा एखादा दिवस आठवून पाहिला. आठवला नाही. माणूस वाईट नव्हता, आमच्यासाठी फार कष्ट केले. एवढंच लिहितो.

गुरुजी_सिन्नर | २ मार्च, रात्री ८.४०

जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवतो. २०२२ पासून आमच्याकडे ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. मूल एकेका टेबलापाशी जातं: उड्या मारणं, वस्तू रंगानुसार वेगळ्या करणं, चित्र बघून बोलणं, वस्तू मोजणं. मग आईला घरी काय करायचं ते सांगतो. गावातल्या आया गट करून ते करतात आणि जूनमध्ये फरक दिसतो. तुमच्या जवळच्या शाळेत मेळावा असेल तर जरूर या.

थांबण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. नुसतं वर्ष गेलं म्हणून मूल तयार होत नाही. त्या वर्षात काय करणार, ते महत्त्वाचं. शिवाय पहिलीचे शिक्षक कसे आहेत, वर्गात किती मुलं आहेत, ते जाऊन बघा.

बालवाडीताई | ३ मार्च, दुपारी २.१०

गुरुजींशी सहमत. तोच वर्ग, त्याच वह्या आणि मित्र पुढे गेलेले, अशा ठिकाणी पुन्हा बसवू नका. थांबायचं तर जागा बदला, जिथे अंगण आहे, माती-पाणी आहे. नियमाचं म्हणाल तर पुढच्या जूनला तो साडेसहाचा असेल, काही अडत नाही.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात भरवली. माझ्याकडे एखादं मूल वर्गाबाहेर पळालं की मला ते कुरण आठवतं. आधी बघते, ते पळून कुठे जातंय. बहुतेक वेळा नळापाशी किंवा झाडाखाली सापडतं.

अबोली_नाशिक | २८ जून, रात्री १०.१५

उशिरा लिहितेय. आम्ही थांबायचं ठरवलं. घराजवळच एक मराठी बालवाडी मिळाली, वीस मुलं, मागे चिंचेचं झाड. शाळेच्या टीचरना निरोप द्यायला गेलो तेव्हा त्यांनी त्याला जवळ घेतलं. साबांना आधीच सांगून ठेवलं होतं. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा त्याच म्हणाल्या, "तो डिसेंबरचा आहे, पुढच्या वर्षी जाईल."

पहिले आठ दिवस रोज रडला. बालवाडीतल्या ताईंनी मला दाराशी पंधरा मिनिटं बसू दिलं, मग दहा, मग पाच. आता गेटवरून हात हलवतो. मागच्या आठवड्यात घसरगुंडीवर एकाला ढकललं. ताईंनी त्या मुलाच्या गुडघ्याला याच्याकडून ओला रुमाल धरवला. घरी येऊन त्याने स्वतःच सांगितलं, न विचारता. पूर्वी मला फोनवरून कळायचं.

सकाळी मोजा अजूनही एकच चढलेला असतो. नवरा खाली बसून विचारतो, "उजवा की डावा?"

सोनचाफा_पणजी | ३० जून, सकाळी ९.२०

धागा आज वाचला. माझी मुलगी तीन वर्षांची आहे, अंगणवाडीत जायला लागली आणि चावायला लागली. मीही वही करणार आहे. ताई, कुठून सुरुवात करू?

बालवाडीताई | ३० जून, दुपारी ३.००

कर हो. आधी एवढंच लिही, चावते ते दिवसाच्या कुठल्या वेळी?